विरक्तीला चाकं फुटली

साताऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या माझ्याइतक्या बारकाईनं कुणीच वाचलेल्या नाहीत. मोती चौकातून राजवाड्याकडे जाताना कुठल्या सराफानं ‘आणि बंधू’ काढून ‘अँड सन्स’ लावलंय, कुठल्या कापडवाल्याच्या ‘भव्य’मधला ‘व्य’ उडालाय, सगळं मला पाठ आहे. कारण थोडं चाललं की माझा उजवा गुडघा संप पुकारतो, आणि भर रस्त्यात उगीच उभं राहणं निवृत्त पी.टी.च्या बाईंना शोभत नाही. म्हणून मी वाचते. कुणाकडे जाताना जिन्याच्या पहिल्या वळणावर मला हमखास फोन येतो. खरं तर येत नाही, पण मी घेते. लग्नकार्यात ‘आल्यागेल्याकडे बघायला दारात कुणीतरी हवंच’ असं म्हणत खुर्ची पटकावते आणि बसल्याबसल्या दोन्ही हात असे हलवते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई काय चपळ आहेत!

‘वाट्या बदलून घ्या’ असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. ‘दिवाळी होऊन जाऊ दे’ असं मी म्हटलं. कुठली दिवाळी, ते मी सांगितलेलं नाही. तळमजल्यावरचं घर घेतलं तेही गुडघ्यांसाठी नव्हे, बागेसाठी. बागेत एक तुळस आहे.

उभी हयात मी मुलींना ‘छाती पुढे, खांदे मागे’ सांगण्यात घालवली. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि रोज पहाटे अजिंक्यतारा. अमेरिकेला जाताना विमानतळावर व्हीलचेअर देऊ केली तेव्हा मी मान ताठ करून नको म्हटलं. आमच्या विमानाला व्हीलचेअरची ही मोठी रांग होती. त्यातले निम्मे गुडघ्यांसाठी बसले होते आणि निम्मे इंग्रजीसाठी. माझं इंग्रजी चांगलं आहे.

अशा बाईला तिचा पोटचा मुलगा फ्लोरिडात, डिस्नेच्या वाटेवर म्हणाला, “आई, तुझ्यासाठी स्कूटर बुक केलीय.”

स्कूटर म्हटल्यावर मी खूश झाले. मग त्यानं फोनवर फोटो दाखवला. चार लहान चाकं, एक गुबगुबीत खुर्ची, पुढे टोपली आणि वर बसलेली पांढऱ्या केसांची एक आनंदी बाई.

“ही तर म्हाताऱ्यांची आहे!”

“आई, तू एकोणसत्तर वर्षांची आहेस.”

“मी वय विचारलं नव्हतं.”

मग मी ते वाक्य उच्चारलं, जे महाराष्ट्रात प्रत्येक घरात एका ठरावीक वयाची बाई उच्चारतेच. “तुम्ही जाऊन या. मला काय त्या उंदराचं कौतुक! मी बसते खोलीवर.” सून म्हणाली, “आई, डिस्नेचा पसारा जवळपास पंचवीस हजार एकर आहे. लोकांचे पाय दिवसभरात मोडून येतात.” भाडं किती, असं मी सहज विचारलं. डॉलरचे रुपये करून पाहिले आणि गुडघा एकाएकी बरा वाटू लागला. पण पैसे भरून झालेले होते. आता न बसणं म्हणजे वाया घालवणं. अहंकार आणि काटकसर यांची कुस्ती लागली तर मराठी घरात कोण जिंकतं, हे मी सांगायला नको. तरी मी अट घातलीच. मी चालणार, स्कूटर फक्त पिशव्या ठेवायला.

ही अट हॉटेलच्या दारापासून बसथांब्यापर्यंत टिकली.

त्या वाहनाला वेगळा ब्रेक नसतो, हे आधी समजून घ्या. उजव्या हाताचा खटका दाबला की पुढे, डाव्या हाताचा दाबला की मागे, आणि सोडला की जागच्या जागी थांबतं. ऐकायला सोपं. पण दुचाकीवर आयुष्य गेलेला माणूस घाबरला की मूठ आवळतो, आणि इथं मूठ आवळली की गाडी ज्याला घाबरलो त्याच्याच अंगावर जाते. वेगासाठी एक गोल बटण असतं. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. गोष्ट लहानपणापासून माहीत असल्यामुळे मी विश्वासानं कासवावर ठेवलं. बाबागाड्या मला ओलांडून जाऊ लागल्या. गोष्ट रचणाऱ्यानं डिस्नेची गर्दी पाहिलेली नव्हती.

खरी परीक्षा बसमध्ये. बस आली की ड्रायव्हर आधी उतार खाली सोडतो आणि स्कूटरवाल्याला सगळ्यांच्या आधी आत घेतो. मागे घामाघूम माणसांची रांग उभी, कडेवर पोरं, आणि त्या सगळ्यांसमोर मला ते धूड पुढे-मागे करत खिडकीला समांतर लावायचं. मागे घेताना ते पीं पीं ओरडतं, म्हणजे ज्याचं लक्ष नसेल त्याचंही जावं. हजारो मुलींना ‘पीछे मुड’ शिकवलेल्या बाईला स्वतः पीछे मुडता येत नव्हतं. शेवटी गाडी लागली, ड्रायव्हरनं पट्ट्यांनी बांधली आणि दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या कौतुकाच्या होत्या असं आमचे हे म्हणतात.

घरच्यांना माझ्या गुडघ्याबद्दल अचानक प्रेम वाटू लागलं होतं, त्याचं कारण मला उद्यानात गेल्यावर कळलं. स्कूटर असली की रांगेत थांबावं लागत नाही, असं चिरंजीव कुठूनसं ऐकून आले होते. तसं काही नसतं. बहुतेक ठिकाणी रांगेची वाट इतकी रुंद बांधलेली आहे, की स्कूटर घेऊन सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं. म्हणजे बाकीच्यांनी उभं राहायचं, मी बसायचं. तासाभराच्या त्या रांगेत माझ्याकडे ज्या नजरांनी पाहिलं गेलं त्यांत दया कमी आणि असूया जास्त होती, आणि असूया मला फार मानवते. रांग संपल्यावर पाळण्यात बसण्यासाठी मी उठून चार पावलं टाकली, तेव्हा मागच्या एका पर्यटकानं बायकोला कोपरानं ढोसलं, ‘बघ, चालता येतंय की!’ या अर्थानं. गुडघे दुखणारा माणूस चालू शकतो, फक्त फार वेळ नाही, हे जगातल्या कुठल्याच भाषेत लोकांना पटत नाही. वाटलं, शिट्टी फुंकावी आणि त्याला अजिंक्यताऱ्याला फेरी मारायला लावावी.

रांग टळत नाही म्हटल्यावर घरच्यांनी प्रेम दुसरीकडे वळवलं. पाण्याच्या बाटल्या, पावसाचे कोट, सुनेची पर्स, ह्यांचा स्वेटर, नातवाची विकत घेतलेली तलवार आणि डब्यातल्या दशम्या, सगळं माझ्या टोपलीत आलं. (घरचं खाणं आत नेऊ देतात. याबद्दल मी वॉल्ट डिस्नेंना सात खून माफ केले आहेत.) सकाळी ज्या बाईचं ओझं कोणी वाहायचं हा प्रश्न होता, तीच दुपारपर्यंत घरची हमाल झाली.

खुर्चीवर बसलं की जग कमरेच्या उंचीचं होतं. मला माणसं दिसेनात, पट्टे दिसू लागले. त्या उंचीवर माझे समवयस्क म्हणजे बाबागाडीतली पोरं. एका दीड-दोन वर्षांच्या गृहस्थांशी माझी बराच वेळ नजरानजर झाली. दोघांनाही कुणीतरी आणून बसवलं होतं, दोघांच्या हातात खाऊ होता, आणि आपल्याला कुठं नेताहेत याचा दोघांनाही पत्ता नव्हता. त्यानं मला एक चिप्स देऊ केली. मोठ्या माणसांपेक्षा तो मला जास्त समंजस वाटला. आणि स्कूटरवाले! समोरून दुसरी एसटी आली की आपले ड्रायव्हर स्टेअरिंगवरचा हात जरासा उचलतात ना, तसे हे लोक एकमेकांना हात करतात. पहिल्यांदा एका दाढीवाल्या आजोबांनी मला हात केला तेव्हा मी तोंड फिरवलं. मी काही त्यांच्यातली नव्हते. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ रस्त्यात बसवलेले आहेत, त्यांत माझं पुढचं चाक जाणार इतक्यात त्याच आजोबांनी हातानंच खूण केली, तिरकी घे, तिरकी! मी तिरकी घेतली. पुढचा हात मी आधी केला.

एप्कॉट नावाच्या उद्यानात तळ्याभोवती अकरा देश मांडलेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, जपान, मोरोक्को वगैरे. सगळी फेरी दोन किलोमीटरांची. मी सशावर ठेवून अकराही देश पाहिले. भारत नाही. राग आला. मग कळलं की भारत आहे, फक्त तो दुसऱ्या उद्यानात, दुसऱ्या नावानं राहतो. आणि इथं माझ्या घरच्यांप्रमाणे तुम्हालाही थोडं थांबावं लागेल, कारण त्या गावातून मी लवकर निघत नाही.

ॲनिमल किंगडम १९९८ साली उघडलं आणि पुढच्या वर्षी त्यात आशिया आला. या आशियात आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य आहे. थोडं भारत, थोडं नेपाळ, थोडं आणखी कुठलं कुठलं. उद्यानाचे मुख्य रचनाकार ज्यो रोडी आणि त्यांची माणसं त्यासाठी आशियात हिंडून, बघून, टिपून आली होती. काय टिपलं म्हणता? आपण पाहुण्यांना दाखवायचं टाळतो ते सगळं. पोपडे उडालेली भिंत, विटलेला रंग, उन्हानं पांढरं पडलेलं पोस्टर, भिंतीला टेकवून विसरलेली सायकल. साताऱ्यात आमच्या भिंतीचा रंग उडतो तो फुकट उडतो. इथं तो उडवण्यासाठी पगारी माणसं ठेवली होती. वाटेच्या काँक्रीटमध्ये सायकलच्या टायरचे माग आणि पावलांचे ठसे मुद्दाम उठवलेत, म्हणजे जणू काँक्रीट ओलं असताना कुणीतरी गेलंच! आमच्या गल्लीत दर वेळी काँक्रीट ओलं असताना कुणीतरी जातंच. ही कलाकृती आहे हे मला माहीत नव्हतं.

तिथं ‘ड्रिंकवाला’ आहे, तो सरबतं विकतो. ‘मिस्टर कमल’ यांचा स्टॉल आहे, तिथं बटाट्याचे तळलेले काप आणि फलाफल मिळतात. कमल हे आमच्याकडे बायकांचं नाव असल्यामुळे मी बराच वेळ मिस्टर कमल म्हणजे कमलताईंचे यजमान असतील, असं धरून चालले होते. त्यांचं आडनाव काय, मूळ गाव कुठलं, अशी चौकशी करावीशी वाटली, पण काउंटरवरचा मुलगा गोरा होता. महाराजांच्या पडक्या राजवाड्यातून एक वाट जाते. भिंतींवर शिकारीची चित्रं, मोठाली वटवाघळं, आणि पडक्या कमानीपलीकडे खरेखुरे वाघ. मी त्या सगळ्या वाटेनं स्कूटरवरून गेले. आमचे हे शेजारून चालत होते. लग्नापासून मी पुढे आणि हे वीस पावलं मागे, अशी आमची चाल. वाघापाशी माझ्या लक्षात आलं, की मी मघाशी केव्हातरी बटण सशावरून अर्ध्यात आणलंय आणि आम्ही बरोबरीनं जातोय. ह्यांच्याही ते लक्षात आलं असावं. म्हणाले, “आज तू मागे का?”

आणि मग एव्हरेस्ट. म्हणजे २००६ साली उघडलेला तिथला डोंगर, त्यातून आगगाडी सुसाट पळते. उंची १९९ फूट आणि वर अर्धा. दोनशे का नाही? तर दोनशेच्या वर गेलं की विमानांसाठी शेंड्यावर लाल दिवा लावावा लागतो, आणि हिमालयावर लाल दिवा बरा दिसला नसता. त्याच्या पायथ्यापर्यंत मी बॅटरीवर पोचले, हे मी साताऱ्यात ‘एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाऊन आले’ असंच सांगते. त्यात खोटं काही नाही.

डोंगराच्या पोटात यती आहे. सुरुवातीला तो गाडी जवळ आली की हात उगारून अंगावर यायचा. उद्घाटनानंतर थोड्याच काळात त्याचं हलणं बंद झालं. एवढा अवाढव्य देह काढून दुरुस्त करणं सोपं नाही. मग आता काय करतात, तर तो जागच्या जागी उभा असतो आणि त्याच्यावर लखलखता दिवा उघडझाप करत सोडतात, म्हणजे बघणाऱ्याला तो हलतोय असं वाटतं. ही सगळी माहिती नातवानं दिली. तो मला चिकटून उभा होता आणि खाली वाकून अगदी खाजगीत म्हणाला, “आजी, यतीचं पण तुझ्यासारखंच झालंय.”

मी रागावणार होते. पण पोरानं नेम बरोबर धरला होता. जिन्यातला फोन, मोती चौकातल्या पाट्या, लग्नातले हातवारे, ही सगळी माझी दिव्यांची उघडझापच की!

त्या संध्याकाळी मला सासूबाई आठवल्या. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी माडीवर राहायच्या. अंधारा लाकडी जिना, दोराला धरून चढायचा. हौशी बाई. नाटक, हळदीकुंकू, भजनी मंडळ, मंगळागौरीचे खेळ, कुठं म्हणून मागे नाहीत. मग एकेक सुटत गेलं. आधी नाटक नको म्हणाल्या, मग हळदीकुंकू, मग भजन, आणि शेवटी समोरच्या गणपतीचं देऊळसुद्धा. “तुम्ही जाऊन या, मी घर राखते.” गल्लीत सगळे म्हणायचे, काय विरक्ती आलीय बघा, अशी सगळ्यांना येवो. आणि आम्ही लग्नाहून परत आलो की त्या जाग्याच असायच्या. जिलबी होती की श्रीखंड? मठ्ठ्यात आलं होतं का? नवरीचा शालू कुठल्या रंगाचा? कोण कोण भेटलं, माझी आठवण काढली का कुणी? विरक्त माणूस जिलबीची एवढी चौकशी करत नाही. त्यांना काहीच सुटलेलं नव्हतं. जिना होता. आपण पायऱ्या बांधतो, आणि ज्याला चढवत नाही त्याला साधू म्हणून पाया पडतो.

हे मी रात्री जेवताना बोलून दाखवलं, तेव्हा मुलगा म्हणाला की इथले उतारही कुणी मायेनं बांधून दिलेले नाहीत. १९९० सालच्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीसमोर साठेक माणसं व्हीलचेअर, कुबड्या बाजूला टाकून हातांवर, कोपरांवर, पाठीवर सरकत तिच्या पायऱ्या चढली. त्यांत एक आठ वर्षांची मुलगी होती. जुलैमध्ये अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही झाली. आपल्याकडेही १९९५ साली कायदा झाला, २०१६ साली त्याहून मोठा झाला. कायद्यात आपण कुणाला हार जात नाही. बँकेच्या पाच पायऱ्यांशेजारी आता रॅम्प असतो. तो घसरगुंडीच्या कोनात असतो आणि त्याच्यावर कुंड्या ठेवलेल्या असतात. मंगल कार्यालयात लग्न पहिल्या मजल्यावर आणि पंगत तळघरात. म्हणजे आधी चढा, मग उतरा, आणि हे दोन्ही जमलं तर जेवा.

आनंदपूरवाल्यांनी आपले पोपडे नेले, सायकल नेली, रस्त्यावरचे माग नेले. पायरी तेवढी नेली नाही. आणि म्हणून गेल्या कित्येक वर्षांत कुणाचा हात न धरता, कुठलाही फोन न येता, मनात येईल तिकडे वळत मी ज्या भारतात हिंडले, तो भारत खोटा होता आणि फ्लोरिडात होता. याचा मला आनंद झाला की संताप, ते अजून ठरत नाही. दोन्हीसाठी मी एकेक आइस्क्रीम खाल्लं.

कारण माझी विरक्ती तोवर पार निघाली होती. ‘मला काय त्या उंदराचं’ म्हणणारी मी मिरवणुकीत पहिल्या रांगेत होते आणि तो उंदीर समोरून गेला तेव्हा हात हलवत होते. उंदरानंही हलवला. दुकानात शिरले की बाहेर येत नसे. रात्री घरचे बाकावर आडवे होऊन ‘आई, आता पुरे’ म्हणत आणि मी ‘आतषबाजी राहिलीय’ म्हणून पुढे जात असे. बॅटरी संपल्याचा दिवा लागला की रडू यायचं बाकी राही. रात्री खोलीत स्कूटर चार्जिंगला लावताना सून म्हणाली, “आई, उद्या जरा आराम करूया का?” मी म्हटलं, “तुम्ही करा. मी जाऊन येते.”

साताऱ्याला परतल्यावर मी आमच्या सोसायटीच्या दारातल्या तीन पायऱ्या पट्टीनं मोजल्या. उंची दीड फूट. रॅम्पचा हिशेब सोपा असतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे अठरा फूट. अठरा फूट आखून पाहिले, तर त्यात नेमकी सेक्रेटरींची गाडी उभी असते. सेक्रेटरी माझ्या एका विद्यार्थिनीचे यजमान आहेत, त्यामुळे अदबीनं म्हणाले, “बाई, रॅम्प बिंप म्हाताऱ्यांना लागतो. तुम्ही काय, अजून मैदान माराल!” बघा, वार कुठं करायचा हे लोकांना बरोबर कळतं. क्षणभर मी छाती पुढे, खांदे मागे केलेही. रॅम्प हवा तर चारचौघांत ‘माझे गुडघे गेलेत’ म्हणावं लागणार, आणि ते म्हणायचं नसेल तर जन्मभर सराफांच्या पाट्या वाचाव्या लागणार.

मी म्हटलं. मैदानावरच्या आवाजात, पार्किंगमध्ये उभं राहून, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी, ज्यांना गेल्या गणपतीपासून कुणी खाली उतरलेलं पाहिलेलं नाही आणि ज्यांची विरक्ती आमच्या बिल्डिंगचा अभिमान आहे, त्यांनी खिडकीतून ओरडून अनुमोदन दिलं. सेक्रेटरी म्हणाले, असं तोंडी चालत नाही, रीतसर ठराव मांडा, सभेला या.

सभा येत्या रविवारी आहे. गच्चीवर. लिफ्ट नाही. काकू आणि मी दोघींनी लेखी कळवलंय, की आमचा पहिला ठराव सभा खाली घेण्याचा आहे, आणि तो आम्ही खालूनच मांडणार आहोत. शिट्टी शोधून ठेवलीय.